फाउंडेशनमधून जमिनीतली उष्णता काढताय? मग या चुका टाळा

मोठ्या इमारतीला पाइल (जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब) तर टाकायचेच आहेत, मग त्याच पाइलच्या केजला (सळयांच्या पिंजऱ्याला) प्लास्टिकचे पाइप बांधले, त्यातून पाणी फिरवलं आणि हीट पंपाने (कमी तापमानाची उष्णता ओढून ती जास्त तापमानाला नेणाऱ्या मशीनने) जमिनीतली उष्णता वर घेतली की वेगळी बोअर मारायचा खर्च वाचतो. आयडिया एवढीच आहे. ऑस्ट्रियात १९८० च्या दशकात आधी राफ्टमध्ये (इमारतीखालच्या सलग काँक्रीटच्या स्लॅबमध्ये), मग १९८४ च्या सुमारास पाइलमध्ये आणि पुढे १९९० च्या दशकात डायफ्राम वॉलमध्ये (जमिनीत ओतलेल्या खोल काँक्रीटच्या भिंतीत) हे करायला लागले, आज व्हिएन्नाच्या मेट्रो स्टेशनांपासून झुरिक एअरपोर्टपर्यंत हे चालू आहे. शहरात तर याला तोड नाही, कारण दाट वस्तीत बोअर मारायला मोकळी जागाच नसते आणि उंच इमारतींना खोल फाउंडेशन घ्यावंच लागतं.

पण एक फरक लोकांच्या डोक्यात नीट बसत नाही. बोअर बिघडली तर शेजारी दुसरी मारता येते. पाइलमध्ये काँक्रीट पडलं की पाइप इमारतीच्या आयुष्यभरासाठी आत गेला, तो काढता येत नाही, बदलता येत नाही, आणि त्याच्या डोक्यावर अख्खी बिल्डिंग उभी राहते. त्यामुळे ज्या चुका दोन-तीन हिवाळ्यांनंतर हीट पंपाच्या स्क्रीनवर दिसतात त्यातल्या बऱ्याचशा डिझाइनच्या टेबलावर नाहीतर काँक्रीटिंगच्या दिवशी झालेल्या असतात. म्हणून खाली निम्म्याहून जास्त गोष्टी पाइल पडायच्या आधीच्या आहेत, आणि मशीन चालू झाल्यावर काय बघायचं ते शेवटी.

गरज बघून पाइल मोजायला बसणं

सगळ्यात पहिली गडबड इथे होते. एचव्हीएसीवाला (हीटिंग-कूलिंगचं डिझाइन करणारा) सांगतो की बिल्डिंगला कडाक्याच्या थंडीत इतके किलोवॅट लागतील, मग तेवढे फाउंडेशनमधून काढून द्या. हे उलटं झालं. पाइल किती, किती खोल आणि किती जाड हे बिल्डिंगच्या वजनावरून आणि मातीवरून ठरतं, उष्णता त्यातून जेवढी निघेल तेवढीच निघणार.

अंदाज घ्यायचा असेल तर व्हिएन्नाच्या हाइन्झ ब्रँडल या इंजिनियरने दिलेले आकडे अजून सगळे वापरतात: ३० ते ५० सेमी जाडीच्या पाइलला दर मीटर लांबीमागे ४० ते ६० वॅट, ६० सेमी आणि त्यापुढच्या पाइलला मातीला टेकलेल्या दर चौरस मीटरमागे साधारण ३५ वॅट, डायफ्राम वॉलला ३० च्या आसपास, राफ्टला १० ते ३०. आता समजा ६० सेमीचे २० मीटर खोल १०० पाइल आहेत. एका पाइलचा मातीला लागलेला पृष्ठभाग साधारण ३८ चौरस मीटर, म्हणजे एका पाइलमागे १.३ किलोवॅट, सगळे मिळून १३० किलोवॅट. हीट पंपाचा सीओपी (एक युनिट विजेमागे किती युनिट उष्णता मिळते तो आकडा) ४ धरला तर त्यात विजेचा वाटा मिळवून बिल्डिंगला १७५ किलोवॅटच्या आसपास मिळतील. बिल्डिंगची पीक डिमांड (कडाक्याच्या थंडीतली कमाल गरज) ४०० किलोवॅट असेल तर हे पुरणार नाही हे उघड आहे, आणि ते पुरायची गरजही नाही.

कारण पीक वर्षातले थोडेच तास असतो. हीट पंपाला बेस लोड (वर्षभर लागणारी नेहमीची गरज) द्या, राहिलेल्या थोड्या तासांसाठी बॉयलर किंवा डिस्ट्रिक्ट हीटिंग (शहराच्या सामाईक पाइपलाइनमधून येणारी उष्णता) ठेवा. झुरिक एअरपोर्टच्या डॉक मिडफिल्ड टर्मिनलमध्ये हेच केलंय, तिथे ४४० पाइलपैकी सुमारे ३०० पाइलमध्ये पाइप आहेत, बेस लोड हीट पंप घेतो आणि वरचं डिस्ट्रिक्ट हीटिंगवर जातं. वर्षभराच्या उष्णतेतला मोठा हिस्सा असा मध्यम साइजच्या हीट पंपातून निघतो. उष्णता कमी पडते म्हणून पाइल लांब करायचे किंवा चार पाइल जास्त टाकायचे हा प्रकार मी तरी कधीच सुचवणार नाही, त्यात या पद्धतीचा सगळा फायदाच संपतो.

आणि वरचे आकडे फक्त फिजिबिलिटीपुरते आहेत हे विसरू नका. पाइल ग्रुपमध्ये असतात, जाडीच्या तिप्पट अंतरावर एक असे दाटीवाटीने, त्यामुळे मधल्या पाइलला सगळ्या बाजूंनी शेजारचे पाइल उष्णता ओढत असतात आणि त्याला कडेच्या पाइलएवढं मिळत नाही. एका पाइलचा आकडा घेऊन त्याला पाइलच्या संख्येने गुणलं, जसं मी आत्ता उदाहरणात केलं, तर त्यावर हीट पंपाची ऑर्डर देऊ नका. महिन्यामहिन्याची डिमांड घालून किमान वीस-पंचवीस वर्षांचं सिम्युलेशन करून घ्या.

नुसता उपसा, भरणा नाही

विहिरीचा उपसा झऱ्यापेक्षा जास्त झाला की पाणी दरवर्षी खाली जातं, जमिनीतल्या उष्णतेचंही तसंच आहे. लोकांना वाटतं पृथ्वीच्या पोटात आग आहे, उष्णता संपणार कशी. पण २०-३० मीटर खोलीवर पोटातली उष्णता फार हळू वर येते, तिथलं तापमान मुळात हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असतं आणि तुम्ही काढलेली उष्णता भरून निघते ती वरून, बाजूने आणि भूजलातून. दाट पाइल-ग्रुपच्या मधल्या मातीला बाजूने फारसं काही मिळत नाही आणि वरून तर बिल्डिंगच बसलेली.

म्हणून फक्त हीटिंगसाठी सिस्टीम चालवायची, उन्हाळ्यात बंद ठेवायची, असं केलं की पहिला हिवाळा छान जातो, दुसरा ठीक, आणि चौथ्या-पाचव्याला जमिनीतून येणारं पाणी सीझनच्या सुरुवातीलाच दोन-तीन अंश थंड असतं. उपाय साधा आहे, उन्हाळ्यात त्याच लूपमधून (पाइलमध्ये खाली जाऊन वर येणाऱ्या पाइपमधून) बिल्डिंगची उष्णता जमिनीत सोडा. बऱ्याच थंड प्रदेशांत उन्हाळ्याचं कूलिंग हीट पंप न लावता नुसतं पाणी फिरवूनही होऊ शकतं, त्याला फक्त पाणी फिरवणाऱ्या पंपाएवढीच वीज लागते, म्हणजे कूलिंग जवळपास फुकट आणि वर जमीन पुन्हा भरते. कूलिंगची गरज नसेल तर सोलर पॅनेलची किंवा एक्झॉस्ट हवेची उष्णता आत घाला. उष्ण प्रदेशात हेच उलटं होतं, तिथे जमिनीत उष्णता साचत जाते, म्हणून तिथे गरम पाण्यासाठी जितकी काढता येईल तितकी चांगली.

भूजल वाहतं असेल तर गणित बदलतं. दिवसाला अर्धा-एक मीटर पाणी सरकत असेल तर ते उष्णता आणत राहतं आणि काढायचं काम वर्षानुवर्षं चालू शकतं, पण मग उन्हाळ्यात साठवलेली उष्णताही ते वाहून नेतं, म्हणजे साठवण जमत नाही. रिपोर्टमध्ये पाण्याची पातळी लिहिलेली असते, वेग क्वचितच लिहिलेला असतो. तो मुद्दाम विचारा.

शहराचा एक खास फायदा आहे तो धरा. शहराखालची जमीन आजूबाजूच्या मोकळ्या भागापेक्षा काही अंश जास्त गरम असते, तळघरं, सांडपाण्याच्या लाइन, मेट्रो, डिस्ट्रिक्ट हीटिंगचे पाइप, तापलेला डांबरी रस्ता, सगळ्यांची गळती वर्षानुवर्षं खाली मुरलेली असते. ही उष्णता नाहीतरी वायाच जाते, ती परत वापरायला याहून चांगली जागा कुठली. मात्र त्याच शहरात शेजारच्या बिल्डिंगनेही लूप टाकले असतील किंवा उद्या टाकेल, आणि भूजलाच्या प्रवाहात तुम्ही तिच्या खालच्या अंगाला असाल तर तिने थंड केलेलं पाणी तुमच्याकडे येणार. परवानगीच्या वेळी शेजारच्या लूपची माहिती मिळत असेल तर घ्या, आणि आपली नोंद करून ठेवा.

मातीची टेस्ट घाईत उरकणं

सॉईल रिपोर्ट असतोच, पण तो भार सहन करण्यासाठी केलेला असतो, त्यात उष्णतेचं काही नसतं. कोरड्या वाळूची उष्णतावाहकता ०.३ ते ०.५ आणि तीच वाळू पाण्याने भरलेली असली तर २ च्या वर, एकक वॅट प्रति मीटर प्रति अंश. एकाच साइटवर पाण्याची पातळी चार मीटर वर-खाली झाली तर पाइलच्या वरच्या भागाचा हिशेब पार बदलतो. त्यामुळे थर्मल रिस्पॉन्स टेस्ट (माती उष्णता किती वाहते ते साइटवर मोजायची टेस्ट) हवीच.

आता यातली मेख अशी आहे की बोअरसाठी बनवलेली टेस्ट पाइलवर तशीच केली जाते. टेस्टमध्ये ठरावीक वॅटने पाणी तापवत फिरवतात आणि तापमान कसं चढतं ते बघतात, पण सुरुवातीला जे चढतं ते काँक्रीटचं असतं, मातीचं नाही. नेहमीचा निकष लावला तर १५ सेमी व्यासाच्या बोअरमध्ये पहिले आठेक तास सोडून द्यायचे असतात, ६० सेमीच्या पाइलमध्ये तेच सव्वाशे तास होतात, म्हणजे पाच दिवस. दोन-तीन दिवसांची टेस्ट करून कोणी मातीचा आकडा दिला तर तो बराचसा काँक्रीटचाच आकडा आहे. जाड पाइल असतील तर सरळ तपासणीच्या बोअरमध्ये लूप टाकून टेस्ट करा, स्वस्त पडतं आणि पाइलिंग सुरू व्हायच्या आधी उत्तर हातात येतं, जे खरं महत्त्वाचं.

पाइलवरच करायची असेल तर काँक्रीट टाकल्यावर लगेच करू नका. सिमेंट घट्ट होताना स्वतः तापतं आणि जाड पाइल थंड व्हायला काही आठवडे लागतात. आधी तापमान स्थिर झालंय का बघा, मगच हीटर लावा.

स्ट्रक्चरल इंजिनियरला शेवटी सांगणं

पाइलला थंड-गरम केलं की तो आखडतो आणि फुगतो, आणि हे विसरून चालत नाही कारण तो त्याच वेळी भारही उचलत असतो. काँक्रीट एका अंशाला मीटरमागे साधारण एक शतांश मिलिमीटर बदलतं. २५ मीटरचा पाइल १० अंशांनी थंड केला आणि त्याला कोणी धरलं नसतं तर तो अडीच मिमी आखडला असता. प्रत्यक्षात माती बाजूने धरते, खाली खडक धरतो, वर राफ्ट धरते, म्हणून तो पूर्ण आखडत नाही आणि जेवढा अडतो तेवढा ताण आत तयार होतो. पूर्ण अडला तर १० अंशांना ३ मेगापास्कलच्या आसपास.

स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या ईपीएफएल या तंत्रज्ञान विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या शेवटी बांधकाम चालू असलेल्या बिल्डिंगच्या पाइलमध्ये सेन्सर घालून हे मोजलं, सुमारे २६ मीटरचा पाइल वीसएक अंशांनी तापवला तेव्हा आतलं बल चांगलंच वाढलेलं दिसलं. लंडनच्या लॅम्बेथ कॉलेजमध्ये २००७ मध्ये पाइलवर भार ठेवून तो आधी थंड आणि मग गरम केला, तेव्हा भार वाहायची क्षमता गेली नाही पण पाइलच्या लांबीत बल कसं वाटलं जातं ते बदललं, थंड करताना खालच्या भागात थोडं ताणबलही आलं. म्हणजे घाबरून सोडून द्यावं असं काही नाही, हिशेबात मात्र घ्यायला हवं. खाली सळई कमी केलेली असेल किंवा पाइल फक्त टोकावर उभा असेल तर जास्तच.

यात हमखास सुटणारी गोष्ट म्हणजे एकाच राफ्टखाली काही पाइलमध्ये लूप आणि काहींमध्ये नाही. लूपवाले आखडतात, बाकीचे जागेवर राहतात, फरक राफ्टला सहन करावा लागतो. कुठल्या पाइलमध्ये लूप घालायचे हे स्ट्रक्चरल इंजिनियरने बघूनच ठरलं पाहिजे, पाइपवाल्याला जे जवळ पडतील ते नाही.

आणि गोठण. पाइलभोवतीची माती गोठू द्यायची नाही, यावर तडजोड नको. चिकणमाती गोठताना फुगते, वितळताना मऊ पडते, आणि पाइल ज्या घर्षणावर उभा आहे तेच घर्षण बिघडतं. बोअरफील्डमध्ये (मोकळ्या जागेत मारलेल्या बोअरच्या समूहात) लोक उणे तीन-चार अंशांपर्यंत पाणी जाऊ देतात, तीच सेटिंग फाउंडेशनला लावायची नाही. लूपमधलं पाणी शून्याच्या वर, शक्यतो २ अंशांच्या वर राहील असं कट-ऑफ कंट्रोलमध्ये टाका आणि त्याला पासवर्ड ठेवा, कारण कडाक्याच्या थंडीत तक्रारी आल्या की ऑपरेटरचा हात सगळ्यात आधी त्याच सेटिंगकडे जातो.

साइटवर पाइप मरतो तो असा

पाइप फॅक्टरीत खराब नसतो. २० ते ३२ मिमीचा एचडीपीई किंवा पेक्स (दोन्ही पॉलिथिलीनचे प्रकार) पाइप चांगला दणकट असतो, त्याला साइटवर मारलं जातं.

पाइलच्या आत जॉइंट नको, एकही नको. कॉइलमधून सलग पाइप यायला हवा. केज दोन-तीन तुकड्यांत असेल तर पहिला तुकडा बोअरमध्ये टांगून ठेवायचा, दुसरा जोडायचा आणि खाली सोडता सोडता कॉइल उलगडत पाइप बांधत जायचं. याला वेळ लागतो आणि बोअर उघडी असताना पाइलिंगवाल्याला घाई असते, म्हणून हा वेळ त्याच्या रेटमध्ये आधीच धरलेला असला पाहिजे. नसेल धरलेला तर पाइप कसेतरी बांधले जाणार, यात त्या माणसांचा दोष नाही.

जाणारा आणि येणारा पाइप एकमेकांना चिकटवून बांधू नका, २५-३० सेमी अंतर ठेवा, नाहीतर खाली मिळवलेली उष्णता वर येता येता शेजारच्या पाइपला दिली जाते. खालचं वळण मोठं घ्या, दुमड पडता कामा नये, आणि केजच्या टोकापासून अर्धा मीटर तरी वर ठेवा म्हणजे केज तळाला टेकली तरी वळण चेपत नाही. बांधायला तार वापरली तर तिची टोकं आत वळवा, किंवा केबल टाय वापरा. पाइप केजच्या आतून घेतले तर काँक्रीट ओतायच्या ट्रेमीला (तळापर्यंत सोडायच्या लोखंडी नळीला) मधे मोकळी जागा उरते का ते ड्रॉइंगवर मोजून बघा, ट्रेमी वर-खाली करताना फ्लँज पाइपला घासते आणि ते कोणाला दिसत नाही.

काँक्रीटिंगच्या वेळी पाइप रिकामा ठेवणं ही चूक अजूनही होते. २० मीटर ओल्या काँक्रीटचा तळाशी दाब साधारण ४.७ बार, पाइपात पाणी भरलेलं असेल तर आतून त्याचे २ बार, उरलेला फरक तुम्हाला वरून दाब देऊन भरून काढायचा असतो. म्हणून पाइपात पाणी भरा, वर गेज लावा, दाब द्या आणि काँक्रीट घट्ट होईपर्यंत तसाच ठेवा. गेज प्रत्येक लूपला हवं आणि आकडा कागदावर हवा: केज उतरवायच्या आधी, उतरवल्यावर, काँक्रीटनंतर, चिपिंगनंतर (पाइलचं वरचं जादा काँक्रीट फोडल्यावर), आणि राफ्टचं काँक्रीट पडताना. दाब पडला तर तो कुठल्या दोन नोंदींच्या मधे पडला ते कळतं, नाहीतर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. थंड प्रदेशात दोन पाइलिंगच्या मधे हिवाळा येणार असेल तर उघड्या टोकांतलं पाणी गोठून पाइप फुटतो, त्याची आधीच सोय करा.

आता चिपिंग. सगळ्यात जास्त लूप इथे जातात. पाइल कट-ऑफ लेव्हलच्या (जिथे तो शेवटी संपवायचा त्या पातळीच्या) वर अर्धा-एक मीटर जास्त ओतलेला असतो, तो भाग ब्रेकर लावून फोडतात, आणि त्याच काँक्रीटमधून पाइप वर आलेले असतात. ब्रेकर चालवणाऱ्याला सळई दिसते कारण ती वाजते आणि हाताला झटका देते, प्लास्टिकचा पाइप तर त्याला लागलेलाही कळत नाही. उपाय स्वस्त आहे: कट-ऑफच्या थोडं खालपासून वरपर्यंत पाइपभोवती आणि सळयांभोवती फोमचं आवरण घाला म्हणजे वरचं काँक्रीट त्यांना पकडत नाही, आडवी फट पाडून अख्खा तुकडा क्रेनने उचलता येतो. आणि ज्या माणसाच्या हातात ब्रेकर आहे त्याला पाइप कुठे आहे हे समोर उभं राहून दाखवा, ड्रॉइंग ऑफिसात टांगून तो पाइप वाचत नाही. टोकांना रंगीत कॅप आणि पाइल नंबरचा टॅग लावा, कॅप नसली की पाइपात खडी-माती जाते आणि तो लूप तुंबला समजा.

पाइलपासून मॅनिफोल्डपर्यंतचे (सगळे लूप जिथे एकत्र जोडले जातात तिथपर्यंतचे) आडवे पाइप राफ्टखाली जातात, त्यांच्यावर सळई बांधणारे चालतात, व्हायब्रेटर घुसवला जातो, आणि वर्षभराने कोणीतरी मशीनच्या अँकरसाठी भोकं पाडतो. स्लॅबवर रंगाने मार्ग आखून ठेवा आणि फोटो काढा, स्केल टाकून. पाइप जिथे वॉटरप्रूफिंग ओलांडतो तिथे सील आणि जिथे सेटलमेंटचा जॉइंट (इमारतीचे भाग वेगवेगळे खचू शकावेत म्हणून ठेवलेली फट) आहे तिथे स्लीव्ह, हे दोन्ही वेगवेगळ्या ठेकेदारांच्या हद्दीत येतं म्हणून दोघंही सोडून देतात.

ग्लायकॉल जास्त आणि प्रवाह कमी

गोठू नये म्हणून ग्लायकॉल ओतत सुटणं महागात पडतं. २५ मिमीच्या पाइपात साधं पाणी १० अंशांना सेकंदाला ३० सेमीने वाहिलं तर रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह खळाळता की संथ ते सांगणारा आकडा) ४५०० च्या वर जातो, प्रवाह खळाळता, उष्णता चांगली मिळते. त्याच पाइपात त्याच वेगाने २५ टक्के ग्लायकॉलचं पाणी शून्य अंशाला घ्या, आकडा २००० च्या खाली येतो, प्रवाह संथ होतो आणि पाइपच्या भिंतीवरून उष्णता नीट उचलली जात नाही. वर पंपाला वीजही जास्त. फाउंडेशनमध्ये पाणी शून्याच्या वरच ठेवायचंय तर ग्लायकॉल फक्त हीट पंपाच्या बाष्पकाच्या (लूपच्या पाण्यातून उष्णता ओढणाऱ्या भागाच्या) सुरक्षेपुरतं, उत्पादक सांगेल तेवढंच घाला.

लूपच्या लांब्या वेगवेगळ्या असतात, १२ मीटरचा पाइल आणि २५ मीटरचा पाइल एकाच हेडरवर (सामाईक मुख्य पाइपवर) असला तर पाणी सोपी वाट धरतं आणि लांब पाइल उपाशी राहतो. प्रत्येक सर्किटला व्हॉल्व्ह आणि फ्लो मीटर हवाच. हे कॉस्ट-कटिंगमध्ये पहिलं उडतं, आणि नंतर बिघाड शोधायला हातात काहीच उरत नाही.

चालू झाल्यावर काय बिघडलंय ते कसं ओळखायचं

आधी लूपला जाणारं आणि लूपमधून येणारं पाणी यांच्या तापमानातला फरक बघा. हीट पंप पूर्ण चालू असताना तो ३ ते ५ अंश असायला हवा. ८-१० झाला तर जमीन दोषी नाही, प्रवाह कमी आहे: गाळणी तुंबलीय, हवा अडकलीय किंवा पंपाची स्पीड कोणीतरी कमी केलीय. गाळणी पहिल्या महिन्यात दोन-तीन वेळा साफ करावीच लागते, बांधकामाची माती निघते. फरक एक-दीड अंशावर आला तर हीट पंप मुळात काम कमी करतोय, त्याच्याकडे बघा, जमिनीकडे नंतर.

फरक बरोबर आहे पण दोन्ही तापमानं सीझनगणिक खाली चाललीत, तर उपसा जास्त होतोय. गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी तुलना करा, कालच्या दिवसाशी नको. इथे उन्हाळ्याचा भरणा वाढवा, बॉयलर थोडा लवकर चालू होईल असं सेटिंग करा. आणि बिल्डिंगच्या बाजूचं तापमान बघा, बऱ्याचदा कोणीतरी रेडिएटर नीट तापत नाही म्हणून ३५ अंशांचं ५५ केलेलं असतं. ३५ अंशांच्या पाण्याला साडेचारच्या आसपास मिळणारा सीओपी ५५ ला तीनच्या खाली येतो, बिलात तो फरक दिसतो आणि दोष मात्र फाउंडेशनला जातो. नळाच्या गरम पाण्याला ६० अंश लागत असतील तर त्याची वेगळी सोय करा, त्याच्यासाठी अख्खी हीटिंग लाइन तापवू नका.

सगळं ठीक पण हीट पंप दर पाच-दहा मिनिटांनी चालू-बंद होतोय, तर तो मोठा घेतलाय किंवा बफर टँक (गरम पाणी साठवणारी मधली टाकी) लहान आहे. तात्पुरता उपाय म्हणून कंट्रोलमधला किमान चालू राहायचा वेळ वाढवा, पण कॉम्प्रेसर वाचवायचा तर टँक बदलावाच लागतो.

दाब पडतोय? पहिले काही आठवडे थोडा पडतो, प्लास्टिकचा पाइप जरा ताणतो आणि विरघळलेली हवा निघत जाते, तो भरून घ्या. पाणी थंड झाल्यानेही गेज खाली येतं, म्हणून नोंद करताना तापमानही लिहा. त्यानंतरही पडतच राहिला तर मॅनिफोल्डवरची सर्किटं एकेक करून बंद करा, प्रत्येकाला दाब देऊन रात्रभर ठेवा, सकाळी जे खाली आलं ते गळतंय. आधी मॅनिफोल्डचे जॉइंट आणि वाल्व्हच्या ग्लँड कोरड्या कागदाने पुसून बघा, गळती बहुतेक वेळा डोळ्यासमोरच असते आणि लोक पाइल फुटला म्हणून घाबरतात.

खरंच पाइलमधला लूप गेला असेल तर तो दुरुस्त होत नाही. त्याचे दोन्ही वाल्व्ह बंद करा, सील करा, मॅनिफोल्डवर पाइल नंबर आणि तारीख लिहा, ड्रॉइंगवर खूण करा, बाकीच्या सर्किटांचा फ्लो पुन्हा बॅलन्स करा. आतमध्ये ग्लायकॉल असेल तर बंद करायच्या आधी साध्या पाण्याने धुऊन काढा आणि ते पाणी गोळा करा, जमिनीत किंवा गटारात जाऊ देऊ नका. डिझाइनमध्येच पाच-दहा टक्के लूप जातील असं धरलेलं असेल तर एवढ्यावर काम भागतं. नसेल धरलेलं तर हीट पंपाचं कमाल आउटपुट गेलेल्या लूपच्या प्रमाणात खाली आणा, नाहीतर उरलेल्या पाइलवर तोच भार पडून तिथलं पाणी २ अंशांच्या खाली जायला लागेल.